लेकरू रात्री का जागतं?

प्रश्न : माही लेक पहिल्या बाळंतपणाले अंजनगावले आली हाय. नात सव्वा महिन्याची झाली. दिवसभर डाराडूर झोपते, अन् रात्री बारा वाजले का डोये टकटक उघडते. झोपली तरी दोन तासांत उठते. झोपेत हासते, कण्हते, दचकते. शेजारीण म्हणते दृष्ट लागली. दुसरी म्हणते दूध पुरत नाही, वरचं पाजा. नणंद म्हणते जायफळ उगाळून द्या, रातभर झोपन. लेक मोबाइलात पाहून म्हणते का तिले उताणीच झोपवायची. मले भेव वाटते का दूध घशात अडकन. आमचे पाच लेकरं पोटावरच झोपले, काही नाही झालं. खरं काय मानावं? — एक आजी, अंजनगाव सुर्जी

उत्तर : आजी, तुमच्या एका पत्रात पाच-सहा शंका आहेत आणि त्यातली एकही खुळी नाही. अंजनगावच काय, अकोट, दर्यापूर, परतवाडा, जिथे सव्वा महिन्याचं लेकरू आहे त्या घरात रात्री दोन वाजता हेच बोलणं चालू असतं. या सगळ्या शंकांच्या मुळाशी एकच समजूत आहे. बाळाची झोप म्हणजे आपलीच झोप, फक्त जास्त तासांची, असं आपण धरून चालतो. मग ती तुटली की काहीतरी बिघडलं असं वाटतं आणि तिला कसंही करून लांबवायचे उपाय सुरू होतात. तान्ह्या बाळाची झोप मुळातच वेगळ्या घडणीची असते. ती वारंवार तुटते, आणि त्या वयात ती तुटणंच त्याच्या फायद्याचं असतं. कसं ते एकेक शंका घेऊन पाहू.

आधी उलट्या दिवस-रात्रीचं. आपल्याला रात्री झोप येते ती नुसत्या थकव्यानं येत नाही. मेंदूत एक घड्याळ असतं. डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून ते जुळतं, आणि अंधार पडला की त्याच्या इशाऱ्यावर मेलाटोनिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं. नऊ महिने तुमच्या नातीला हे मेलाटोनिन आईकडून वारेतून मिळत होतं. नाळ कापली आणि तो पुरवठा थांबला. तिचं स्वतःचं मेलाटोनिन रात्रीच्या लयीत तयार व्हायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. तोवर दिवस कुठला आणि रात्र कुठली हे ओळखायला तिच्याकडे साधनच नाही. शिवाय दिवस भरत आले की आई रात्री आडवी झाल्यावर पोटातलं मूल जास्त हलताना जाणवतं, हे तुम्हाला पाच बाळंतपणांवरून आठवत असेल. म्हणजे तिची दिवस-रात्र उलटी झालेली नाही, ती अजून लागायचीच आहे.

शिकागोचे झोप-संशोधक नथॅनिएल क्लाइटमन यांनी तान्ह्या मुलांच्या झोपेच्या नोंदी आठवडेच्या आठवडे ठेवल्या आणि १९५३ साली प्रसिद्ध केल्या. सुरुवातीचे काही आठवडे झोपेचे तुकडे चोवीस तासांत कुठेही विखुरलेले असतात आणि मग हळूहळू रात्रीकडे गोळा होत जातात, हे त्यांत दिसलं. त्यामुळे सव्वा महिन्याच्या मुलीनं रात्री बाराला डोळे उघडले तर ती आपल्या वयाप्रमाणेच वागते आहे.

इथे आपल्या जुन्या रीतीबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते. बाळंतिणीची खोली आपण दिवसा खिडक्या लावून अंधारी ठेवतो आणि रात्री तिथे दिवा जळत ठेवतो. वारा लागू नये, बाळंतिणीला एकटं वाटू नये, हा हेतू चांगलाच होता. पण बाळाच्या मेंदूतल्या घड्याळाला जे शिकायचं आहे त्याच्या नेमकं उलट आपण शिकवतो. दिवसा खोलीत उजेड येऊ द्या. सकाळी कोवळ्या उन्हाच्या वेळी तिला दारात घेऊन बसा. उन्हाळ्यात आठच्या आतच, कारण आपल्याकडचं ऊन त्यानंतर कोवळं राहत नाही. दिवसा ती झोपली म्हणून घरात कुजबुजत वावरायची गरज नाही. पोटात असताना ती आईच्या हृदयाचे ठोके, रक्ताची सळसळ आणि बाहेरचे आवाज ऐकतच वाढली आहे. भांड्यांचा, बोलण्याचा रोजचा आवाज चालेल. रात्री मात्र दूध पाजताना मंद दिवा, बोलणं जवळजवळ नाही, खेळवणं नाही. ट्यूबलाइट लावून सगळं घर भोवती जमलं की तिला वाटणार, दिवस उगवला. आईच्या दुधाचीही यात मदत होते: रात्रीच्या दुधात मेलाटोनिन असतं, दिवसाच्या दुधात ते नसल्यासारखंच असतं.

दिवसा झोपू दिलं नाही तर रात्री गाढ झोपेल, असाही सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. तो ऐकू नका. तान्हं बाळ तासा-दीड तासाच्या वर जागं राहिलं की थकून चिडतं, आणि चिडलेलं बाळ रात्री आणखी कठीण झोपतं.

दृष्टीचं म्हणाल, तर मीठ-मोहरी ओवाळून टाकायला माझी हरकत नाही. मिरच्यांचा धूर मात्र बाळाजवळ नको. दृष्ट काढल्यावर लेकरू शांत होतं हा तुमचा अनुभव खराही असेल, पण त्यामागे एक साधं कारण आहे. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली दाखवून दिलं की निरोगी बाळांचं रडणं जन्मानंतर आठवड्यागणिक वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यांत जास्त होतं आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत बरंच ओसरतं. त्यातही ते संध्याकाळी जास्त असतं. तिन्हीसांजेला लेकरू किरकिरं होतं हे आपल्या आज्यांनी अचूक पाहिलं होतं, कारण तेवढं वेगळं लावलं. तुमची नात आत्ता नेमकी त्या शिखरावर आहे. इथून पुढे तुम्ही काहीही केलंत तरी रडणं कमीच होणार आहे आणि त्याचं श्रेय त्या दिवशी घरात जो उपाय चालू असेल त्याला मिळणार आहे.

आता दोन तासांनी उठण्याचं. आपल्या झोपेचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं असतं: उथळ झोप, मग गाढ, मग स्वप्नांची. आवर्तन संपलं की आपणही क्षणभर जागे होतो, कूस बदलतो आणि सकाळी ते आठवत नाही. बाळाचं आवर्तन पन्नास-साठ मिनिटांचंच असतं. परतवाडा-अकोट एसटीनं जाणारा सरावलेला प्रवासी प्रत्येक थांब्याला डोळे किलकिले करून पुन्हा मान टाकतो. बाळ सरावलेलं नाही, ते थांबा आला की उतरतंच. थांबेही त्याच्या वाटेवर जास्त. पुन्हा आपलं आपण झोपी जाणं ही कला त्याला काही महिन्यांनी येते, कोणाला लवकर, कोणाला उशिरा.

त्यात भुकेची भर. एवढ्याशा पोटात एका वेळी दूध मावतं थोडं, आणि आईचं दूध पचायला हलकं असल्यानं पोट लवकर रिकामं होतं. म्हणून चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावं लागतं आणि त्यातल्या काही वेळा रात्रीच येणार. रात्रीच्या पाजण्याचा आईलाही उपयोग आहे. दूध तयार करायला लावणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, त्यामुळे रात्री पाजत राहिलं की दुधाचा ओघ टिकतो. तेव्हा ‘उठते म्हणजे दूध पुरत नाही’ हा शेजारणीचा हिशेब चुकतो. दूध पुरतं की नाही हे झोपेवरून ठरत नाही, वजन आणि लघवीवरून ठरतं. बाळ दिवसातून सहा किंवा जास्त वेळा दुपटी ओली करत असेल आणि आशाताईंच्या काट्यावर वजन वाढत असेल तर दूध पुरतं आहे. वरचं दूध सुरू केलं की बाळ स्तनाला कमी वेळ लागतं, म्हणून दूध कमी तयार होतं, आणि मग खरोखरच पुरेनासं होतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात रात्री पेज किंवा बिस्किट भिजवून देण्याचीही चाल आहे. त्यानं झोपेत फरक पडला तरी तो मिनिटांचा असतो, आणि जुलाबांचा धोका मात्र खरा असतो. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं वऱ्हाडाच्या उन्हाळ्यातही लागू आहे. तहान लागली तर बाळ जास्त वेळा पितं.

शेजारणीचं लेकरू ‘रातभर झोपते’ म्हणून मन लहान करू नका. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०१८ साली ३८८ बाळांची माहिती प्रसिद्ध केली. सहा महिने पूर्ण झाल्यावरही ३८ टक्के बाळं सलग सहा तास झोपत नव्हती. वर्षाची झाल्यावरही २८ टक्के झोपत नव्हती. आणि सलग झोपणाऱ्या व न झोपणाऱ्या बाळांच्या हालचालीत, समजेत काही फरक आढळला नाही. ही सहा महिन्यांची आणि वर्षाची बाळं होती, हे लक्षात घ्या. तुमची नात तर सव्वा महिन्याची. एकूण झोप मोजा, सलग झोप मोजू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे पहिल्या तीन महिन्यांत दिवस-रात्र मिळून १४ ते १७ तास, पुढे वर्षापर्यंत १२ ते १६ तास झोप पुरेशी असते.

झोपेत हसण्याचं तुम्ही लिहिलंत, पण सटवाईचं नाव टाळलंत, बहुतेक मोबाइलवाल्या लेकीच्या भीतीनं. सटवाई लेकराला झोपेत हसवते नि रडवते, हे ऐकतच आपण सगळे वाढलो. ज्या कोणी ही कथा रचली त्यांनी बाळाकडे फार लक्षपूर्वक पाहिलं होतं, कारण हे हसणं-मुरडणं झोपेच्या एका ठरावीक टप्प्यातच दिसतं. तान्ह्या बाळाची निम्मी झोप ‘हलती’ झोप असते. त्यात बंद पापण्यांखाली बुबुळं फिरतात, ओठ हसरे होतात, कपाळाला आठ्या पडतात, हातपाय झटकतात, श्वास कमीजास्त होतो, कण्हल्यासारखे आवाज येतात. मोठ्यांमधली हीच झोप म्हणजे स्वप्नांची झोप. तिचा शोध क्लाइटमन यांचे विद्यार्थी यूजीन असेरिन्स्की यांनी लावला आणि १९५३ मध्ये दोघांनी मिळून तो जाहीर केला. असेरिन्स्की आधी झोपलेल्या बाळांच्या पापण्यांकडेच तासन् तास पाहत बसत. या झोपेत मेंदूची जडणघडण जोरात चालू असते, म्हणून वाढत्या वयाबरोबर तिचा वाटा कमी होत जातो.

इथे बहुतेक घरांत एक चूक होते. बाळ कण्हलं, वळवळलं की ते उठलं असं समजून आपण चटकन उचलतो, थोपटतो, पाजतो. ते झोपेतच असतं, आणि आपण त्याला उठवतो. पुढच्या वेळी असं झालं तर मिनिटभर थांबा. डोळे उघडून ते खरंच रडायला लागलं तर घ्या. पुष्कळदा ते पुन्हा निवांत होतं.

दचकण्याचं कारण वेगळं आहे. आवाज झाला किंवा डोकं किंचित खाली गेल्यासारखं वाटलं की बाळ दोन्ही हात फेकून पुन्हा जवळ घेतं. ही जन्मजात प्रतिक्रिया आहे, डॉक्टर ती मुद्दाम तपासून पाहतात आणि ती दिसली की समाधान मानतात. चार ते सहा महिन्यांत ती जाते. त्यासाठी उशाखाली विळा-कात्री ठेवू नका. लोखंडानं भीती जाते की नाही हा वाद बाजूला ठेवला तरी धार ती धारच. दुपट्यात गुंडाळलं तर दचकणं कमी होतं. गुंडाळताना हात-छातीशी बेताचं आणि कमरेखाली सैल ठेवा, पाय सरळ करून आवळून बांधले तर खुब्याचा सांधा सरकण्याचा धोका असतो. बाळ कुशीवर वळायला लागलं की गुंडाळणं बंद. श्वास पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा सुरू होतो, तेही या वयात नेहमीचंच. वीस सेकंदांच्या वर थांबला, किंवा ओठ निळे पडले, तर मात्र लगेच दवाखाना.

आता नणंदबाईंच्या जायफळाकडे येतो, आणि इथे जरा थांबून बोलणं भाग आहे. लेकराला काहीतरी देऊन झोपवायचं, ही आपल्या महाराष्ट्रातली जुनी आणि दुःखाची गोष्ट आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावात बाळागोळी नावाची गोळी सर्रास मिळे. तिच्यात अफू असे. आई पहाटे गिरणीत जाई, दिवसभर साच्यावर उभी राही, आणि खोलीत तान्हं मूल अफूच्या गुंगीत पडून असे. १९२२ साली डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांनी मुंबई सरकारसाठी कामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणी केली. या बायकांच्या ९८ टक्के बाळांना अफू दिली जाते, असं त्यांनी नोंदवलं. या आयांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पाळणाघर नव्हतं, रजा नव्हती, मागे सांभाळायला कोणी नव्हतं. ही चाल मुंबईपुरती नव्हती, देशभर होती, आणि अफू तेव्हा परवान्याच्या दुकानात उघड मिळत होती. अफूची गुंगी बाळाची भूक मारते आणि श्वास मंदावते. ते दूध मागायला उठत नाही, म्हणून ‘शांत’ वाटतं, आणि आतून वाळत जातं. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्यात बायका मोठ्या संख्येनं काम करतात तिथे पाळणाघराची सक्ती आली. अफूचा खरा उतारा बाळासाठी जागा आणि आईसाठी वेळ हाच होता.

जायफळ म्हणजे अफू नव्हे, हे मान्य. पण त्यातही मेंदूवर परिणाम करणारं द्रव्य आहे, आणि ते जास्त झालं तर मोठ्या माणसालाही गरगरतं, भ्रम होतो. साडेतीन-चार किलोच्या जिवाला सहाणेवरचे किती वळसे चालतील याचं माप कोणाकडेही नाही. एका दिवशी जायफळ जुनं, एका दिवशी ताजं. एका दिवशी उगाळणारा हात हलका, एका दिवशी जड. गुटीबद्दलही हेच म्हणेन, आणि ते तुमच्या गावाला सांगताना मला थोडा संकोच वाटतो. अंजनगावच्या पानमळ्यांत बारी समाजानं पिढ्यान् पिढ्या जोपासलेली पानपिंपळी औषधाच्या बाजारात नावाजलेली आहे, आणि गुटीच्या पुडीत पिंपळी असतेच. मोठ्यांच्या खोकल्यात तिचा मान ठेवा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र गुटी नको. वेखंडासारखी जहाल वस्तू, सहाणेचं आणि बोटाचं अस्वच्छपण, आणि गुटी चाटवल्यामुळे कमी होणारं दूध, या तिन्ही गोष्टी त्याला झेपत नाहीत. मध तर वर्षभर अजिबात नको. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते मोठ्यांच्या पोटात निपचित राहतात, पण तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडू शकतं.

दुकानातून आणलेली बाटली सुरक्षित, असंही समजू नका. जुन्या काळच्या ग्राइप वॉटरमध्ये अल्कोहोल असे आणि बाळ झोपत असे ते त्यामुळेही. आताचं बिनअल्कोहोलचं असतं, पण झोपेसाठी त्याचाही उपयोग नाही. सर्दी-खोकल्याचं पातळ औषध दिलं की मूल गुंगतं, म्हणून काही जण ते झोपेसाठी वापरतात. सर्दीच्या अशा एका नेहमीच्या मिश्रणाबद्दल देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असा इशारा बाटलीवर छापायला सांगितलं आहे. सव्वा महिन्याच्या मुलीला झोपेचं कोणतंही औषध नसतं.

उताणं झोपवण्यात तुमची लेक बरोबर आहे. तुमची भीती मात्र समजण्यासारखी आहे, म्हणून कारणासकट सांगतो. श्वासनलिका पुढे, छातीच्या बाजूला असते आणि अन्ननलिका तिच्या मागे, पाठीच्या बाजूला. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली येते. तोंडात परत आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायचं तर वर चढावं लागेल. ते खालीच राहतं आणि बाळ ते गिळून टाकतं. पोटावर झोपवलं की ही रचना उलटते आणि दूध श्वासनलिकेच्या तोंडाशी साचू शकतं. पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा आणि निश्चिंतपणे उताणं ठेवा.

तुमची पाचही लेकरं पोटावर झोपून धडधाकट वाढली, हेही खरं आहे. असा धोका एका घरात दिसत नाही. अमेरिकेत १९९० च्या सुमारास झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण हजारी एकाहून थोडं जास्त होतं. पाच मुलांच्या घराला ते कसं दिसावं? लाखो बाळांची मोजदाद केली तेव्हा लक्षात आलं की पोटावर झोपणाऱ्यांत हे मृत्यू कितीतरी जास्त आहेत. १९९२ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सल्ला बदलला, १९९४ पासून मोठी मोहीम झाली, आणि मृत्यू निम्म्याहून खाली आले. उताणं झोपून बाळं गुदमरतील ही भीती तिथेही होती. तसे मृत्यू वाढले नाहीत. पोटावर बाळ गाढ झोपतं, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे, आणि धोका तिथेच आहे. नाक अंथरुणाशी असलं की सोडलेलाच श्वास पुन्हा आत जातो. अशा वेळी उथळ झोपेतलं बाळ चुळबुळतं, मान वळवतं, रडून उठतं. फार गाढ झोपलेलं बाळ उठत नाही. ज्या सहज जागं होण्यानं घरादाराची झोपमोड होते, तेच बाळाचं संरक्षण असतं.

डोकं चपटं होईल म्हणून राईची उशी करतात. वर्षाच्या आत कोणतीच उशी नको. मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवून ठेवा, आणि जागी असताना, कोणी समोर बसलेलं असताना, तिला सतरंजीवर पालथी ठेवा. दिवसभरात थोडं थोडं करून अर्धा तास पुरे. मानही धरेल आणि डोकंही गोल राहील. ती स्वतःहून पालथी पडायला लागली की रात्री उठून पुन्हा पुन्हा उताणी करायची गरज नाही.

अंथरूण घट्ट आणि सपाट हवं. मऊ गादी, जाड गोधडी, तोंडाशी येणारं पांघरूण नको. लुगड्याच्या झोळीत बाळ लवकर झोपतं, कारण पोटातलं झुलणं त्याच्या ओळखीचं असतं. झुलवायला हरकत नाही, पण झोळीत हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते, म्हणून डोळा लागला की खाली सपाट ठेवा. मूल रांगायला, बसायला लागल्यावर झोळी सोडूनच द्या; तिच्या पिळात मान अडकून मुलं दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. आई शेजारी झोपते हे चांगलंच, फक्त बाळ दोघांच्या मधे नको आणि त्याच खोलीत विडी-सिगारेट नको. बाळ दिवस पुरे होण्याआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं असेल तर शेजारी वेगळं अंथरूण बरं.

उन्हाळ्यात टोपरं, मोजे, स्वेटर घालून बाळाला झोपवलेलं मी आपल्याकडे वैशाखातही पाहतो. आपल्या अंगावर जेवढे कपडे, त्याहून फार तर एक जास्त. मान-पाठ घामेजलेली असेल तर कपडा काढा. पंखा, कूलर चालेल, झोत थेट अंगावर नको. ओवा-वेखंडाची धुरी आणि डासांची अगरबत्ती बंद करून मच्छरदाणी लावा. धूर छातीत गेल्यानं कोणाचीच झोप सुधारत नाही.

आता उलट बाजूची एक समजूत, जी मला सगळ्यांत जास्त काळजीची वाटते. ‘आमचं लेकरू इतकं शहाणं, दूधसुद्धा मागत नाही, नुसतं झोपून असतं.’ पहिल्या आठवड्यांत हे कौतुक नसून लक्षण असू शकतं. आपल्या विदर्भातच, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावच्या बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. रडणं क्षीण होणं, हातपाय ढिले पडणं, दूध ओढणं कमी होणं किंवा थांबणं, गुंगीत असणं, अंग गार लागणं, अशा खुणांवरून त्या आजार ओळखू लागल्या आणि उपचार वेळेवर सुरू झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या त्यांच्या निष्कर्षांप्रमाणे त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आशाताई आज घरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत येतात, ती भेटींची रीत याच कामातून पुढे आली. नेहमी रडून उठणारं बाळ अचानक उठेनासं झालं, दोन पाजण्या चुकल्या, अंग पिवळं, गार किंवा तापलेलं वाटलं, तर झोपतं आहे तोवर झोपू द्या असं म्हणू नका. पायाच्या तळव्याला टिचकी मारून उठवून पाहा, आणि नीट उठलं नाही, ओढलं नाही, तर १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा.

राहिली तुमची लेक. पत्रात तिच्या झोपेबद्दल एक ओळही नाही, आणि खरं तर या घरात सगळ्यांत कमी झोपलेली तीच आहे. पहाटेचं पाजणं झालं की तासा-दोन तासांसाठी नातीला तुम्ही घ्या, ढेकर काढा, दुपटं बदला, दारात उजेडाला घेऊन बसा, आणि लेकीला दार लोटून झोपू द्या. जावईबापू भेटायला आले की रात्रीची दुपटी बदलायचं काम त्यांच्याकडे द्या. लेक सारखी रडत असेल, बाळ झोपलेलं असूनही तिला झोप येत नसेल आणि असं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल, तर ते बाळंतपणानंतरचं आजारपण असू शकतं; तेही आशाताईंना आणि डॉक्टरांना सांगा, त्यावर उपचार आहेत.